पेंडॉलमध्ये मोनो, हॉलमध्ये स्टिरिओ, स्टेजवर ॲम्प: एकाच गिटार प्रोसेसरमधून कसं काढायचं?

मानेवाडा_गिटार

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून लिहितोच.

मी नोकरी सांभाळून नागपुरात एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपती, कोजागिरी, लग्नाची रिसेप्शनं, वर्षातून एक-दोनदा सिव्हिल लाइन्स किंवा रेशीमबागेकडे मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम. मागच्या वर्षी पैसे साठवून फ्लोअर प्रोसेसर घेतला, म्हणजे गिटारला इफेक्ट लावणारं, पायाने चालवायचं मशीन. मागच्या बाजूला पी-३८ चे (गिटारच्या केबलची जाड पिन बसते ते) दोन आउट आहेत, लेफ्ट आणि राइट, लेफ्टच्या खाली मोनो असंही लिहिलेलं आहे. शिवाय एक्सएलआरची (माइकच्या केबलसारखी तीन पिनांची) एक जोडी आणि सेंड-रिटर्न, म्हणजे सिग्नल मधूनच बाहेर काढायचा आणि परत घ्यायचा जॅक. घरी हेडफोन लावून दोन महिने पॅच (इफेक्टच्या साठवलेल्या जुळण्या) बनवले, क्लीन टोनवर रुंद कोरस, म्हणजे आवाज दाट करणारा इफेक्ट, त्यावर पिंग-पाँग डिले, म्हणजे प्रतिध्वनीसारखे ठोके, एक ठोका डाव्या कानात तर एक उजव्या कानात, डोळे मिटून वाजवत बसलो की रात्रीचे दोन कधी वाजले ते कळत नव्हतं.

मग गणपतीचा कार्यक्रम आला. साऊंडवाल्याकडे माझ्यासाठी एकच चॅनल शिल्लक होता. म्हणून मी लेफ्टची केबल त्यांना दिली आणि राइटची माझ्या मागच्या ॲम्पला लावली, म्हटलं दोन्ही आउट कामी आले. स्टेजवर मला सगळं छान ऐकू येत होतं. मित्राने समोरून मोबाईलवर रेकॉर्ड केलं, घरी येऊन ऐकलं तर पोटात गोळाच आला. डिलेचे ठोके एक सोडून एक गायब, ठेक्यात भोकं पडल्यासारखी, आणि कोरसचा तर पत्ताच नाही, कोरडी ठणठणीत गिटार. ज्या अर्पेजिओसाठी (कॉर्डचे एकेक सुटे स्वर) दोन महिने घालवले तो लोकांपर्यंत पोचलाच नाही.

पुढच्या कार्यक्रमाला बर्डीवरून वाय केबल आणली, दोन पिना एकीकडे आणि एक पिन दुसरीकडे, लेफ्ट-राइट एकत्र करून साऊंडवाल्याला दिलं. तर आवाजच पडला, जोरात स्ट्रमिंग केलं की चरचर पण होऊन राहिली होती.

आता विचारायचं हे की पेंडॉलमध्ये एक मोनो लाइन, हॉलमध्ये स्टिरिओ, आणि दोन्ही ठिकाणी स्टेजवर माझा ॲम्प, हे एकाच मशीनमधून होतं का? आणि ॲम्पमधून आवाज घोंगडी पांघरल्यासारखा काहून येतो तेही कोणी सांगा.

बेस_चार_तार

भाऊ, मी पण याच्यातून गेलो. आता सगळं मोनो केलंय, एक केबल, एक चॅनल, रात्री शांत झोप लागते. पण तुझा प्रश्न वाजवी आहे, बाकीचे सांगतील.

सोल्डरिंग_दादा

आधी तुझ्या पहिल्या कार्यक्रमाचं बोलू, कारण तिथे नेमकं काय झालं हे कळलं की पुढचं अर्धं सोपं होतं.

त्या लेफ्ट/मोनो जॅकच्या मागे मशीन एक गोष्ट तपासत असतं, राइटच्या जॅकमध्ये पिन आहे की नाही. राइट रिकामा असेल तर मशीन स्वतःच लेफ्ट आणि राइट एकत्र करून लेफ्टमधून मोनो काढून देतं. राइटमध्ये पिन गेली की त्याला वाटतं यांना स्टिरिओ पाहिजे, आणि मग लेफ्टमधून फक्त लेफ्ट आणि राइटमधून फक्त राइट. तू राइटमध्ये ॲम्पची केबल घातलीस त्या क्षणी मोनो बंद झालं. लोकांना डावी बाजू गेली, तुला उजवी. पिंग-पाँगचे निम्मे ठोके तुझ्या ॲम्पमध्ये होते, निम्मे पेंडॉलमध्ये.

कोरसचंही तेच. जुन्या पद्धतीच्या स्टिरिओ कोरसमध्ये एका बाजूला कोरा सिग्नल जातो आणि दुसऱ्या बाजूला किंचित हलता, स्वर वरखाली होणारा. रोलँडचा जेसी-१२० हा ॲम्प १९७५ मध्ये आला, त्यात १२ इंची दोन स्पीकर, प्रत्येकाला ६० वॉट, एकातून कोरा आवाज आणि दुसऱ्यातून हलता, आणि कोरस तयार होतो तो दोघांच्या मधल्या हवेत. तुझ्या पॅचमधला कोरस त्याच जातीचा असणार. लोकांना कोरा सिग्नल गेला, हलता तुझ्या पाठीमागे राहिला. म्हणून तुला स्टेजवर छान वाटत होतं.

आता वाय केबल. एका आउटमधून दोन ठिकाणी न्यायला वाय चालते. दोन आउट एकत्र करायला कधीच नाही. प्रत्येक आउटच्या मागे एक छोटा ॲम्प्लिफायर बसलेला असतो, त्याला पुढे दहा हजार ओहम किंवा त्याच्यावरचा इनपुट चालवायची सवय. तू दोन आउटची तोंडं एकमेकांना जोडलीस की एकाला दुसऱ्याचा काहीशे ओहमचा आउट हाच लोड दिसतो. लेफ्ट वर ढकलत असताना राइट खाली ओढतो. आवाज पडणं आणि चरचर, दोन्ही त्यातूनच. अगदी करायचंच असेल तर प्रत्येक वाटेत ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर टाकून मग जोडायचं, छोट्या पत्र्याच्या डबीत बसतं, मी बनवून देईन. पण त्यात प्रत्येक बाजू ६ डीबी खाली जाते, आणि एक्सएलआरच्या बॅलन्स लाइनला ही युक्ती लावायची नाही. तुझ्या मशीनमध्ये एवढे आउट असताना डबीची गरजच नाही.

मानेवाडा_गिटार

दादा, तुम्ही हे सांगितलं नसतं तर मी पुढची पाच वर्षं साऊंडवाल्यालाच दोष देत बसलो असतो. राइटमध्ये पिन घातली की लेफ्टचा स्वभाव बदलतो हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता घरी करून पाहिलं. राइटची पिन अर्धी बाहेर काढली की डिलेचे सगळे ठोके परत येतात, आत ढकलली की निम्मे गायब. दहा वेळा केलं.

पांढरी_काळी

मी कीबोर्ड वाजवते, आमच्याकडे हे दुखणं तुमच्या आधीपासून आहे. पियानोचे आवाज दोन माइक लावून स्टिरिओत घेतलेले असतात, घरी हेडफोनवर अगदी पियानोच्या समोर बसल्यासारखं वाटतं, आणि कार्यक्रमात एका लाइनमध्ये एकत्र झाले की मधला भाग पोकळ. डब्यात बसून वाजवल्यासारखा. म्हणून मी कार्यक्रमासाठी मोनोचे वेगळे आवाज ठेवते. स्टिरिओ दाबून मोनो करत नाही, मुळापासून मोनोच निवडते.

एक सोपी तपासणी सांगते. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ असा पर्याय असतो, अँड्रॉइडमध्येही आणि आयफोनमध्येही. प्रोसेसरमधून यूएसबीने स्टिरिओ रेकॉर्ड करा, ती फाइल मोबाईलवर घ्या, हेडफोन लावा आणि वाजत असतानाच तो पर्याय चालू-बंद करा. कोणता पॅच टिकतो आणि कोणता कोसळतो ते पाच मिनिटांत कळतं.

साऊंडवाला_इतवारी

आता मी बोलतो, कारण त्या चॅनलच्या पलीकडे वीस वर्षं मीच उभा आहे. तुझ्या कार्यक्रमाला मी नव्हतो, पण असे दोनशे कार्यक्रम पाहिले.

पेंडॉल समज. स्टेजच्या या बाजूला टॉप-बेस स्पीकरची थप्पी आणि त्या बाजूला थप्पी, मधात चाळीस फूट. डाव्या बाजूला बसलेल्या आजीले डावी थप्पीच ऐकू येते, उजवी तिच्यासाठी लांबचा गोंगाट. तू पिंग-पाँग दिला तं तिला एक सोडून एक ठोका. बरोबर मधात बसलेल्या वीस लोकांना स्टिरिओ, बाकी पाचशेला तुटका. म्हणून पेंडॉलमध्ये आम्ही दोन्ही थप्प्यांना एकच आवाज देतो. कोणी आळशीपणाने करत नाही भाऊ. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पण पूर्ण गाणं मिळालं पाहिजे म्हणून करतो.

हॉलमध्ये गोष्ट वेगळी. तिथे माणसं मधात बसतात, टॉप व्यवस्थित लटकवलेले असतात, चॅनल भरपूर. तिथे मले दोन लाइन दे, मी आनंदाने डावी-उजवी पसरवतो. तरी एकदम टोकाला नाही नेत, अर्ध्यापेक्षा थोडं जास्त.

पण माझी एक विनंती, अगदी मनापासून. मले जी लाइन देशील ती एकटी पूर्ण असली पाहिजे. मोनो मागितलं तं मोनोच दे, स्टिरिओतलं अर्धं नको. आणि देतानाच सांग, भाऊ हे मोनो आहे, किंवा हे लेफ्ट-राइट आहे. गिटारवाले केबल हातात देतात आणि निघून जातात, मग मी अंदाज करत बसतो.

अजून एक. काही साऊंडवाले ॲम्पसमोर माइक पण लावतात आणि तुझी डायरेक्ट लाइन पण घेतात, म्हणतात दोन्ही मिसळलं की आवाज जाड होईल. तो पातळ होतो. माइक ॲम्पपासून अर्धा मीटर लांब असला तं तो आवाज लाइनपेक्षा सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा येतो. दोन्ही एकत्र केले की ३४० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. तुझी सगळ्यात खालची बारीक तार मोकळी वाजवली की ३३० हर्ट्झ, म्हणजे बरोबर तिच्याच गळ्यावर पाय. एक काहीतरी घ्या, किंवा माइक जाळीला चिकटवा.

सोल्डरिंग_दादा

इतवारीच्या भाऊंनी जो खड्डा सांगितला तो प्रोसेसरच्या आतही पडतो, आणि बहुतेक लोकांचे पॅच तिथेच मरतात.

रुंद करायची एक फुकटची युक्ती सगळे वापरतात, एक बाजू १० ते २० मिलिसेकंद उशिरा काढायची. कानाला दोन वेगळे आवाज वाटत नाहीत, एकच मोठा पसरलेला वाटतो. हेडफोनवर फार सुंदर. पण एकत्र केलं की १० मिलिसेकंदाला ५० हर्ट्झवर खड्डा, मग १५०, २५०, ३५०, असे १०० च्या अंतराने वरपर्यंत. कंगव्याच्या दातांसारखे. गिटार पाइपमधून बोलल्यासारखी होते ती यामुळे.

त्याहून वाईट म्हणजे काही इफेक्ट एका बाजूचा ओला, म्हणजे इफेक्ट लागलेला भाग उलटा करून रुंदी काढतात. डावीकडे अधिक, उजवीकडे उणे. एकत्र केलं की शून्य. इफेक्ट चालू आहे, दिवा लागलेला आहे, आणि ऐकू काहीच येत नाही.

आणि एक बारीक गोष्ट. दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखा असलेला सिग्नल बेरीज झाली की ६ डीबी वाढतो. दोन्ही बाजूंना वेगवेगळा असलेला, जसं रुंद रिव्हर्बचं (हॉलमधल्या घुमण्यासारख्या इफेक्टचं) शेपूट, फक्त ३ डीबी वाढतो. म्हणजे काहीही रद्द झालं नाही तरी मोनोत तुझी मूळ गिटार पुढे येणार आणि रिव्हर्ब-डिले मागे जाणार. मोनोच्या वाटेत मिक्स वेगळा ठेवावा लागतो तो यासाठी.

मानेवाडा_गिटार

काल रविवार होता, दुपारी ऊन उतरेपर्यंत कूलरसमोर बसून ताईंची तपासणी केली. चौदा पॅच होते. मोबाईलवर मोनो चालू केल्यावर पाच टिकले.

सगळ्यात वाईट हाल ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त जीव लावला होता त्याचे झाले. त्यात मी उजवी बाजू १२ मिलिसेकंद उशिरा ठेवली होती. स्टिरिओत खोलीभर पसरलेला, मोनोत टाकल्याबरोबर कोणीतरी गिटारच्या भोकात उशी कोंबल्यासारखा. ते १२ मी हळूहळू कमी करत गेलो, १०, ७, ४, प्रत्येक आकड्याला पोकळपणाची जागा बदलायची पण जायची नाही, शून्यावर आल्यावरच गिटार परत आली. तेव्हा पटलं की हा पॅच दुरुस्त होणाऱ्यातला नाही, मोनोसाठी दुसराच बनवायला पाहिजे.

पण मग दोन्ही एकाच वेळी कसं? आणि ॲम्पचं घोंगडं?

सहावी_तार

तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, सिग्नल कुठे फोडायचा.

घोंगडं आधी. प्रोसेसरमध्ये ॲम्पच्या ब्लॉकनंतर कॅबचा ब्लॉक असतो, आयआर म्हणतात. तो म्हणजे गिटारचा स्पीकर आणि त्याच्यासमोरचा माइक यांच्या आवाजाचा ठसा. पीएला (लोकांसमोरच्या मोठ्या स्पीकरला) किंवा हेडफोनला सरळ जायचं असेल तर तो पाहिजेच, नाहीतर डिस्टॉर्शन मधमाश्यांच्या पोळ्यासारखं ऐकू येतं. पण तुझ्या ॲम्पमध्ये खराखुरा गिटारचा स्पीकर आधीच बसलेला आहे, आणि गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर भराभर उतरतो. तू आयआर लावलेला सिग्नल त्यात घातलास म्हणजे तीच उतरण दोनदा झाली. वरचं सगळं गेलं.

म्हणून ॲम्पच्या ब्लॉकनंतर आणि कॅबच्या आधी वाट फोडायची. वरच्या वाटेत कॅब, मग तुझा स्टिरिओ कोरस, स्टिरिओ डिले, रिव्हर्ब, आणि शेवट एक्सएलआरच्या जोडीवर. खालच्या वाटेत कॅब नाही, मोनो डिले, थोडा रिव्हर्ब, आणि शेवट पी-३८ च्या लेफ्टवर. राइट रिकामा ठेव. ती केबल ॲम्पच्या पुढच्या इनपुटला नको, मागच्या रिटर्नला लाव, म्हणजे ॲम्पचा प्रीॲम्प, टोन घडवणारा पहिला भाग, मधे येत नाही. रिटर्न नसेलच तर मात्र पुढच्या इनपुटला जावं लागेल, आणि तेव्हा वाट ॲम्पच्या ब्लॉकच्या आधी फोडायची, नाहीतर ॲम्पवर ॲम्प चढतो.

कोणत्या मशीनमध्ये काय आहे तेही सांगतो, म्हणजे दुसऱ्यांनाही कामी येईल. हेलिक्स फ्लोअरमध्ये प्रत्येक वाटेच्या शेवटी तुम्ही सांगू शकता की ही एक्सएलआरला जाईल की पी-३८ ला की सेंडला. बॉसच्या जीटी-१००० मध्ये मेन आउट पी-३८ वर आणि सब आउट एक्सएलआरवर, आणि दोघांचे स्पीकर सिम्युलेटर वेगवेगळे. क्वाड कॉर्टेक्समध्ये १-२ एक्सएलआर आणि ३-४ जॅक, वेगळे नेमता येतात. एचएक्स स्टॉम्पसारख्या लहान मशीनमध्ये मुख्य आउटची एकच जोडी आहे, तिथे लोक सेंडचा जॅक तिसरा आउट म्हणून वापरतात.

बेस_चार_तार

आणि ज्याच्याकडे फक्त लेफ्ट-राइट आहे, सेंडही नाही, त्याने?

सहावी_तार

त्याने स्टिरिओ सोडायचं आणि दोन मोनो घ्यायचे. एक वाट कॅबसकट पूर्ण डावीकडे पॅन, दुसरी बिनकॅबची पूर्ण उजवीकडे. डावी पीएला, उजवी ॲम्पला. फुटल्यानंतर पुढे एकही स्टिरिओ ब्लॉक ठेवायचा नाही, नाहीतर या बाजूचं त्या बाजूला गळतं. हेडफोनचा जॅक तिसरा आउट म्हणून वापरणारे पाहिलेत, मी नाही वापरत, त्याचा आवाज हेडफोनच्या नॉबवर असतो, चुकून पाय किंवा हात लागला की संपलं.

मानेवाडा_गिटार

हे रात्रीच करून पाहिलं. कॅबच्या आधी फोडलं आणि ॲम्पच्या रिटर्नला लावलं. पहिला डाउनस्ट्रोक मारला आणि पोरगी आतल्या खोलीतून पळत आली, बाबा नवीन गिटार आणली का म्हणून. इतका फरक. दीड वर्ष मी त्या ॲम्पला नावं ठेवत होतो आणि विकायला काढणार होतो.

पण आता एक्सएलआर साऊंडला आणि पी-३८ ॲम्पला असं दोन्ही लावलं की घूं असा आवाज येतो. एकच लावलं की नाही. मित्राकडच्या छोट्या मिक्सरवर पाहिलं.

साऊंडवाला_इतवारी

तो अर्थचा फेरा आहे. तुझा ॲम्प थ्री पिनमधून अर्थला, मिक्सर पण अर्थला, आणि मधात तुझ्या प्रोसेसरच्या दोन केबलच्या जाळीने दोघं परत जोडले गेले. गोल वाट तयार झाली, त्यात लाइनची ५० हर्ट्झची घूं फिरते, तिच्यावर १०० ची.

आता नीट ऐक. याच्यावर पहिला उपाय जो पेंडॉलमध्ये कोणीतरी हमखास सांगतो तो म्हणजे ॲम्पच्या थ्री पिनची अर्थची पिन काढून टाक. घूं जाते, खरं आहे. पण ॲम्पच्या आत कधी बिघाड झाला तं २३० व्होल्ट पत्र्यावर येतात, पत्र्यावरून केबलच्या जाळीवर, जाळीवरून तुझ्या तारांवर, आणि तुझे ओठ माइकला लागलेले. सप्टेंबरचा पाऊस, पायाखाली ओली चटई. तोडलेली पिन दिसली की मी तो ॲम्प स्टेजवर चढूच देत नाही, कोणाचाही असो.

बरोबर उपाय असा. प्रोसेसरवर एक्सएलआरजवळ ग्राउंड लिफ्टचं बटण असलं तं ते दाब, ते फक्त त्या केबलच्या जाळीची जोडणी सोडवतं, थ्री पिनची नाही. नसलं तं मधात ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्याची लाइन मिक्सरला देणारी डबी) टाक, आणि त्याच्यावरची लिफ्ट उघड. ट्रान्सफॉर्मरमध्ये आवाज चुंबकातून पलीकडे जातो, तांब्याची तार जोडलेली नसते, म्हणून फेरा तुटतो आणि सगळ्यांची अर्थ जागेवर राहते. दुसरं, प्रोसेसर आणि ॲम्प एकाच बोर्डावर घे. जनरेटरवर चालू असलं तं माझ्या बोर्डावरून स्टेजपर्यंत वायर ओढून मागायची, मी देतो.

डीआयचा आणखी एक फायदा. बऱ्याच मिक्सरवर ४८ व्होल्टचं फँटम (माइकला केबलमधूनच जाणारी वीज) एकाच बटणावर सगळ्या चॅनलला जातं. गायकाच्या कंडेन्सर माइकसाठी मी ते चालू केलं की तुझ्या एक्सएलआरमध्ये पण ४८ व्होल्ट उलटे येतात. काही मशीन ते सहन करतात, काही नाही. ट्रान्सफॉर्मर असला की प्रश्नच मिटतो.

पांढरी_काळी

लेव्हलचंही सांगा ना भाऊ. माझ्या वेळेला दरवेळी पहिलं गाणं फाटतं.

साऊंडवाला_इतवारी

हो ताई, तेच लिहिणार होतो. आउट लाइन लेव्हलवर आणि माझा चॅनल माइकवर असला की फाटणारच, गेन पूर्ण खाली केला तरी. व्यावसायिक लाइन म्हणजे +४ डीबीयू, सव्वा व्होल्टच्या जवळपास, माइक त्याच्या कितीतरी खाली. प्रोसेसरच्या मेनूत एक्सएलआरसाठी माइक की लाइन असं विचारतात, लांब स्नेकमधून (स्टेजवरच्या सगळ्या लाइन मिक्सरपर्यंत आणणारी जाड केबल) येणार असशील तं माइक ठेव. आणि साऊंड चेकला तुझा सगळ्यात मोठा पॅच आधी वाजव, सोलोचा. गिटारवाले क्लीन वाजवून दाखवतात, मी तेवढ्यावर गेन लावतो, आणि तिसऱ्या गाण्यात सोलो आला की लाल दिवा.

सोल्डरिंग_दादा

डीआय घेताना पाहून घे की आत खरंच ट्रान्सफॉर्मर आहे. स्वस्तात ॲक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणारे मिळतात, ते वाईट नाहीत, पण त्यात फेरा तुटेलच याची खात्री नसते. आणि स्टिरिओ पाहिजे असेल तर दोन चॅनलचा एकच घे, दोन वेगवेगळ्या जातीचे एकेक नको, डाव्या-उजव्याचा रंग बदलतो.

मानेवाडा_गिटार

मंडळी, कोजागिरीचा पेंडॉल आणि काल हॉल, दोन्ही झाले. जसं झालं तसं सांगतो, पुढे कोणाला लागलं तर.

मी आता प्रत्येक गाण्याचा पॅच आधी मोनोत बनवतो. पेंडॉलच्या पॅचमध्ये वरची वाट पण पूर्ण मोनो, कोरस मोनो, पिंग-पाँगच्या जागी साधा डिले तेवढ्याच वेळेचा, आणि डिलेचा मिक्स स्टिरिओपेक्षा थोडा वर. एक्सएलआरच्या लेफ्टमधून एकच लाइन, डीआयमधून. हॉलसाठी त्याच पॅचची दुसरी प्रत, तिथे कोरस आणि रिव्हर्ब स्टिरिओ, आणि पिंग-पाँग परत घेतला, पण दोन्ही बाजू पूर्ण टोकाला न नेता अर्ध्यावर, म्हणजे टोकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही दुसरा ठोका हळू का होईना ऐकू येतो. १२ मिलिसेकंदवाली युक्ती कायमची काढली. ॲम्पची वाट दोन्हीकडे तीच, तिला हातही लावत नाही.

कोजागिरीला दूध आटून होईपर्यंत आमचं सुरूच होतं, मी दोन गाण्यांच्या मधे स्टेजवरून उतरून अगदी मागे, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो, मित्राला तोच अर्पेजिओ वाजवायला सांगून. सगळे ठोके होते. एकही सुटला नव्हता. डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो, सगळीकडे तोच आवाज.

हॉलमध्ये एक चूक होता होता वाचली ती सांगून ठेवतो. माझ्या मशीनवरचा मोठा व्हॉल्यूम नॉब मुळात सगळ्या आउटना एकदम हलवतो. साऊंड चेकला मी स्टेजवर ॲम्प थोडा वाढवला आणि समोर पीएमध्ये गिटार उसळली, साऊंडवाले भाऊ धावतच आले. मेनूत शोधलं तर तो नॉब फक्त पी-३८ वर बसवता येतो. तसं केलं, आता एक्सएलआरची लेव्हल एकदा लावली की कार्यक्रम संपेपर्यंत हलत नाही.

पांढरी_काळी

हा नॉबचा पर्याय माझ्या कीबोर्डमध्ये आहे का ते आजच बघते. तुमचे पॅच मोनोत रेकॉर्ड केलेले असतील तर टाका ना इथे.

मानेवाडा_गिटार

टाकतो ताई, दोन्ही टाकतो, पेंडॉलचा आणि हॉलचा, म्हणजे शेजारी शेजारी ऐकता येतील.

बेस_चार_तार

भाऊ, तुझं वाचून मी पण वाट फोडली. बेसची कोरी लाइन साऊंडला आणि डिस्टॉर्शनवाली ॲम्पला. शनिवारी लग्न आहे कळमन्याला, तिथे पाहतो. दोन चॅनलचा डीआय एक दिवस देशील का? रविवारी सकाळी घरी आणून देतो.

मानेवाडा_गिटार

शुक्रवारी रात्री नऊनंतर ये, घरीच आहे. ग्राउंड लिफ्टचं बटण एका बाजूला थोडं ढिलं आहे, दाबल्यावर खटका ऐकू आला पाहिजे, तेवढं पाहून घे.